दावं कुणाच्या हातात होतं

गुरुजी,

तुम्ही गेलात त्याला वीसएक वर्षे झाली, आणि तुमच्या दशक्रियेला अस्मादिकांनी केलेले भाषण आजही गावात नावाजले जाते. म्हणून हे कळवणे आवश्यक वाटते, की ते भाषण आद्यंत असत्य होते. त्यात मी गंभीर स्वरात म्हणालो होतो, की गुरुजींनी उभ्या हयातीत एकाही विद्यार्थ्यावर हात उगारला नाही. समोर बसलेल्या साठ-सत्तर माजी विद्यार्थ्यांनी त्या क्षणी आपापले तळहात नकळत मांडीखाली सारले, हे मला नदीकाठच्या ओट्यावरून स्वच्छ दिसले. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे पिंड मांडल्यापासून कावळा शिवेपर्यंतचा वेळ कोणीतरी बोलून भरून काढायचा असतो. मी चाळीस मिनिटे भरून काढली. कावळा समोरच्या बाभळीवर बसून माझ्याकडे पाहत होता आणि हलत नव्हता. तुमच्या मुलाने गाय विकणार नाही म्हणून शब्द दिला, मुख्याध्यापकांनी तुमची तसबीर कार्यालयात लावण्याचे मान्य केले, कोणीतरी तुमच्या सायकलीची जबाबदारी घेतली; कावळा ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि लोक जेवायला उठले. उठता उठता मागून कोणीतरी म्हणाले, "गुरुजी भाषण तपासायलेत बे. लाल शाई सरली की येतेल." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो. कारण तुमची कोणती इच्छा मागे राहिली होती, हे त्या समस्त जनसमुदायात केवळ मला माहीत होते.

ती इच्छा सांगण्यासाठी मला इयत्ता नववीत जावे लागेल. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तुम्ही माझी निवड केली होती आणि विषय होता 'सत्याचा विजय'. भाषण माझे होते, लाल शाई तुमची. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तुम्ही समोरच्या बाकावर बसायचा, खिशातून पितळेची छोटी गोल डबी काढायचा, त्यातली एक लवंग तोंडात धरायचा, आणि तिचा तिखटपणा उतरायच्या आत माझे भाषण संपले पाहिजे असा तुमचा दंडक होता. मी लांबण लावले की तुम्ही म्हणायचा, "अरे, लवंग केव्हाच संपली. आता तू माझ्या जिभेवर उभा राहून बोलतो आहेस. उतर खाली." मी उतरत असे, पण मनातून उतरत नसे. वाणी हे आपले जन्मसिद्ध वैभव आहे आणि ते आवरून धरणे हा जगावर अन्याय आहे, अशी माझी त्या वयात धारणा होती. ती पुढे पस्तीस वर्षे टिकली.

स्पर्धा चार दिवसांवर आली होती. आमच्या घरी वहिनी लग्न होऊन येऊन जेमतेम वर्ष झाले होते. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण मला 'भाऊजी' म्हणून अहोजाहो करायची, त्यामुळे माझे डोके आणखीच वर गेले होते. त्या दुपारी ती बैल घेऊन बांधावर आली होती. मी तिथे लिंबाच्या सावलीत सत्याचा विजय करत होतो. तिला विहिरीवरून पाणी आणायचे होते. तिने दावं माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "भाऊजी, धरा हे. मी आले पाणी शेंदून. शेजारच्या रानात फुटवा आलाय, तिकडं जाऊ देऊ नका बरं." हायब्रीड ज्वारी कापून नेल्यावर धसकटांना जो हिरवागार कोवळा फुटवा येतो, तो जनावराला विष असतो. आपल्याकडे याला किराळ लागणे म्हणतात आणि हे तान्ह्या पोरालाही माहीत असते. परंतु मी तान्हा नव्हतो; मी वक्ता होतो. हातवारे करण्यासाठी दोन्ही हात मोकळे लागतात. माझे लक्ष नव्हते. बैल फुटव्यात शिरला.

वहिनी घागर घेऊन परत येते तो बैलाचे पाय लटपटत आहेत, तोंडाला फेस आला आहे. हाकाटी होते, माणसे धावतात, कोणी ताक आणते, कोणी गूळ. आणि दिवस कलायच्या आत आमचा तो पांढरा खिलारी, ज्याच्या जोडीचा बैल पंचक्रोशीत नव्हता, बांधाच्या कडेला आडवा होतो तो उठत नाही. वडील येतात, दादा येतो. वडील फार बोलणारे नव्हतेच. त्यांनी एकच विचारले, "दावं कुनाच्या हातात हुतं?"

मी तोंड उघडले. ज्या तोंडाने मी चार दिवसांनी सत्याचा विजय करणार होतो ते तोंड. त्यातून काहीही आले नाही.

"माज्या," वहिनी म्हणाली. घागर अजून तिच्या कमरेवर होती.

बस, इतकेच. ती असे का म्हणाली, हे मी तिला कधी विचारले नाही, कारण मला माहीत होते. खरे कळले असते तर वडिलांनी माझी शाळा सोडवून मला बैलाच्या जागी जुंपले असते, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. पुढे ती आमच्या घरात पांढऱ्या पायाची ठरली. आई-वडील होते तोवर तिच्या हाती पुन्हा जनावराचे दावं कोणी दिले नाही. एका बैलावर रान होत नाही, म्हणून त्या दिवाळीनंतर दादा आणि ती कोयता घेऊन टोळीबरोबर कारखान्यावर ऊस तोडायला गेले. आमच्या घरातून त्याआधी कोणी गेले नव्हते. उन्हाळ्यात परतली तेव्हा तिच्या हातांवर उसाच्या पाचटाने चिरलेल्या बारीक रेघा होत्या, आणि मी त्या हातांकडे न बघता जेवायला शिकलो.

स्पर्धेत माझा पहिला क्रमांक आला. तुम्ही ती पितळी डबी माझ्या हातावर ठेवलीत. आत सात लवंगा होत्या. मग तुम्ही म्हणालात, "भाषण चांगलं झालं. आता एकदा घरी म्हणून दाखव." गुरुजी, तुम्हाला कसे कळले हे मी विचारले नाही. त्या दुपारी तुम्ही सायकलीवरून आमच्या बांधाजवळून गेला होता आणि संध्याकाळी गावभर बैलाची बातमी होती. तुम्हाला बेरीज येत होती. तुम्ही काय सांगत आहात ते मला त्याच क्षणी उमगले. आणि उमगले म्हणूनच मी ते अक्षरशः पाळले. घरी गेलो, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिलो, आणि 'सत्याचा विजय' अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवला. आई कौतुकाने पाहत होती. वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होती. भाषण संपल्यावर तिने पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. पीठ उडाले, तिच्या नाकावर बसले, आणि ती हसली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलेत, "म्हणून दाखवलंस?"

"हो, गुरुजी."

"मग? काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या."

 तुम्ही सवयीने खिशात हात घातलात आणि काही न काढता तो तसाच बाहेर घेतलात. डबी आदल्या दिवशीच तुम्ही मला दिली होती.

पुढचा इतिहास थोडक्यात. मी तुमच्याच शाळेत मराठी आणि संस्कृतचा शिक्षक झालो, तुमच्याच खुर्चीत बसलो, आणि जोडधंदा म्हणून शोकसभा पत्करल्या. शिरूर कासारपासून उमापूरपर्यंत कोणाचीही दशक्रिया असो, ओट्यावर अस्मादिक. 'काळाने घाला घातला', 'कधी भरून न निघणारी पोकळी', 'ज्यांना शत्रू कसा तो ठाऊकच नव्हता' या तीन स्तंभांवर मी शेकडो माणसे स्वर्गात चढवली. त्यांतल्या काहींना तर गावाने आणखी दहा वर्षे आधी चढवले असते तरी कोणाची हरकत नव्हती. लोक म्हणायचे, मास्तर बोलायला लागला की कावळा येतोच. खरे कारण असे की मी इतका वेळ बोलत असे, की कोणत्याही कावळ्याला तेवढ्या अवधीत भूक लागलीच पाहिजे.

आता मुख्य वार्ता. मी ख्रिस्ती झालो. तुम्ही असता तर चष्मा काढून पुसला असता, म्हणून तेवढा वेळ थांबतो. झाले ते असे. तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटी मंडळी दर रविवारी प्रार्थनेला जमते. तिथले पास्टर एकदा शाळेत आले आणि नम्रपणे म्हणाले, "सर, आमचं महिन्याचं पत्रक निघतं, त्याची भाषा जरा सुधारून द्याल का?" मी ते पत्रक पाहिले आणि मला करुणा आली. वर्षभर मी त्यावर लाल शाईचा अभिषेक केला. धर्माशी मला कर्तव्य नव्हते. माझे युद्ध त्यांच्या वाक्यरचनेशी होते. एका महिन्यात एक लांबलचक वाक्य आले. ज्याने काही केले नव्हते त्याने दुसऱ्याचा दोष आपला म्हणून अंगावर घेतला, आणि ज्याने केले होते तो मोकळा चालता झाला, अशा आशयाचे. वाक्य फार पसरट होते, त्याचे दोन भाग करावेत म्हणून मी पेन टेकवले आणि ते तिथेच राहिले. कागदावर लाल ठिपका मोठा होत गेला. ते वाक्य मला नवे नव्हते. मी ते कमरेवर घागर घेऊन बांधावर उभे असलेले पाहिले होते.

त्यानंतर मी त्यांच्याकडून पुस्तक मागून घेतले, दीड वर्ष वाचले, पास्टरांशी यथासांग वाद घातला आणि बहुतेक वादांत त्यांना हरवले. तरी शेवटी गेलो मीच त्यांच्याकडे. आपल्या मुलखात माणूस पूर्ण बुडेल इतके पाणी शोधणे हीच श्रद्धेची पहिली परीक्षा. नदी कोरडी, विहिरी तळाला. अखेर मंडळीतल्या एकाच्या शेततळ्यावर बाप्तिस्मा ठरला. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो आणि त्यावर शेवाळ. मी घसरलो, माझ्यामागे पास्टर घसरले, आणि विधीचा गंभीर भाग आम्ही दोघांनी बसल्या अवस्थेत उरकला. मग काठावरच्यांनी दोर टाकून आम्हाला वर ओढले. पुनर्जन्म झाला, पण बाळंतपण अवघड होते.

नवा मनुष्य झाल्याचे मी सर्वत्र जाहीर केले. चहाच्या हॉटेलात, एसटी स्टँडवर, शिक्षक कक्षात. अडचण एवढीच, की या नव्या मनुष्याचे तोंड जुनेच होते. शेडमध्ये दर रविवारी कोणीतरी उठून साक्ष देते, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चारचौघांत सांगते. कोणी दारू सोडलेली असते, कोणी सावत्र भावाचा बांध परत दिलेला असतो. माझी पाळी आली तेव्हा मी 'अविद्येच्या तमोमय गर्तेतून' असा प्रारंभ केला आणि पाऊण तास त्या गर्तेतून बाहेर आलोच नाही. संपल्यावर शिरूरकडची एक म्हातारी, जिने जन्मभर ऊस तोडला आहे आणि जिचे अंगठ्याशेजारचे बोट कोयत्याने अर्धे नेले आहे, ती म्हणाली, "मास्तर, लई ग्वाड बोलला. कळलं काईच न्हाई. पर तुमी केलतं काय?"

"म्हणजे?"

"म्हंजी हितं सगळ्यांनी काय ना काय केलेलं हाय. तुमी काय केलतं, ज्येच्यापायी आलात?"

मी म्हणालो, मानवी अपूर्णता ही सार्वत्रिक आहे. ती म्हणाली, "आसंल बा." मग ती स्वतः उठली. तिची साक्ष मला तोंडपाठ आहे, कारण ती तेवढीच होती: "मी लई भांडायची. आता कमी भांडते. खोटं वाटत आसंल तर सुनेला इचारा, ती बघा, चपलांपाशी बसलीया." सून म्हणाली, "थोडं कमी झालंय." सगळे हसले, म्हातारी सगळ्यांत जास्त. मी घरी येताना पायी आलो. त्या बाईने तीन वाक्यांत जे केले होते, ते मला आयुष्यभराच्या समासांत साधले नव्हते. आणि तिने विचारले होते त्याचे उत्तर माझ्याकडे होते.

दादाने मला आधीच तोडले होते. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी तो दारात आला, चपलाही न काढता म्हणाला, "तू तिकडं कावून गेलास?" का गेलास, एवढाच सरळ प्रश्न होता. मी त्याला जगातील धर्मांचा तौलनिक परिचय करून दिला. तो उभ्याने ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ह्येच्यापरीस बैलापुढं बोल. त्ये निदान मान तरी हालवतंय." मग, "माझ्या ताटाला तुझं ताट आता लागनार न्हाई." तीन वर्षे लागले नाही. तो मला रस्त्यात दिसला की बाजूच्या रानाकडे पिकाची पाहणी करत जाई. काही वेळा त्या रानात पीकही नसे. वहिनी मात्र पोळ्याला, पंचमीला माझ्या बायकोच्या हाती फडक्यात बांधून काहीतरी पाठवायची.

मग वहिनी आजारी पडली. दादा बाजाराला गेलेला बघून मी तिला भेटायला गेलो, पन्नाशी ओलांडलेल्या दोन चोरांसारखे आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसलो. खाट चुलीजवळ आणली होती. ती म्हणाली, "भाऊजी, तुमी तिकडं कावून गेलात ते ह्यांना सांगितलंत, पर लई मोठं सांगितलंत. ह्यांना उमगलं न्हाई. मला बारीक करून सांगा." गुरुजी, याहून मोठा प्रसंग मला आयुष्यात मिळणार नव्हता. ती समोर, मी समोर, घरात तिसरे कोणी नाही. मी म्हणायला हवे होते, वहिनी, तुझ्यामुळे. मी म्हणालो, "प्रायश्चित्ताची संकल्पना अशी आहे, की..." तिने थोडा वेळ ऐकले. मग डोळे मिटून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. चा घ्या." तीन आठवड्यांनी ती गेली.

दशक्रियेला जावे का, हे मी पास्टरांना विचारले. ते म्हणाले, "तुमच्या वहिनी आहेत, जायलाच हवं. पिंडाला हात जोडायचे की नाही ते तुम्ही जाणता. पण सर, तुम्हाला गप्प बसता येईल का?" मी म्हणालो, प्रयत्न करीन. खिशात चार पानी भाषण मात्र मी नेले होते. सवय म्हणून, किंवा लाज म्हणून.

तोच नदीकाठ, तोच ओटा. बाभळ तोडली आहे, तिच्या जागी विजेचा खांब आहे. मी शेवटच्या रांगेत बसलो. माझ्या गैरहजेरीत शोकसभांची गादी एका तरुण कार्यकर्त्याने घेतली आहे. त्याने काळाला घाला घालायला लावला, पोकळी निर्माण केली, आणि म्हणाला, "काकूंनी उभ्या जन्मात कुणाला उणा शब्द बोलला नाही." बायकांनी पदर तोंडाला लावले. वहिनीची जीभ कशी होती ते त्यांना माहीत होते. माझीच वाक्ये होती, गुरुजी. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ती शिळ्या भातासारखी लागली. कावळा तारेवर होता आणि येत नव्हता. दादा हात जोडून म्हणाला, "शेळ्या इकनार न्हाई. नातीला शिकवीन. तुजं म्हायेरचं तांब्याचं घंगाळ मोडनार न्हाई." कावळा तारेवरच. ऊन वर आले. लोक कुजबुजू लागले.

"मास्तरला उठवा की. त्येच्या बोलन्याला येत आसतोय."

"त्यो आता हे मानत न्हाई बे."

"त्यो मानू नगं. कावळा मानतोय ना?"

दादाने मागे वळून न बघता म्हटले, "बोल." तीन वर्षांतला पहिला शब्द. मग थोड्या वेळाने, "पर तुज्या देवाचं हितं काय काढू नगंस."

ओट्यावर जाईपर्यंतची वाट वीस पावलांची आहे. मी डबीतली एक लवंग तोंडात टाकली. चार पाने खिशातच राहिली. समोर सगळा गाव होता, माझ्या वर्गात शिकलेले निम्मे, आणि माझी बायको, जी पुढे काय येणार हे न कळून पदराचे टोक पिळत होती. खरे बोललो तर दादा मला उरलेल्या आयुष्यासाठी गमावणार होता; छान बोललो तर कदाचित मिळवणार होता. छान बोलणे माझ्या हातचे होते.

मी म्हणालो, "त्या साली आमचा बैल किराळ लागून मेला. दावं वहिनीच्या हातात नव्हतं. माझ्या हातात होतं. माझं लक्ष नव्हतं. वडिलांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, आणि तिनं माझं आपल्या अंगावर घेतलं. छत्तीस वर्षं ती त्याबद्दल बोलणी खात राहिली आणि मी सगळ्या जगाबद्दल बोलत राहिलो. वहिनी, दावं माझ्या हातात होतं." आणि खाली बसलो. लवंग अजून चावलीही नव्हती.

 सगळे दादाकडे पाहत होते. दादा स्वतःच्या तळहातांकडे पाहत होता. "त्या बैलापायी," तो म्हणाला, "मी तिला लई बोललो. कारखान्यावर थंडीत बोललो. म्हातारी झाली तरी बोललो."  तेवढ्यात एक बाई ओरडली, "पिंड गेला!" सगळ्यांनी माना वळवल्या. पान रिकामे होते. आम्ही सारे दादाकडे पाहत असताना कोणीतरी येऊन गेले होते. भटजींनी कावळा शिवल्याचे तत्काळ घोषित केले. एक इसम म्हणत होता की त्याने कुत्र्याची शेपटी पाहिली; त्याला चौघांनी गप्प केले. या विषयावर गावात अद्याप दोन पक्ष आहेत. मी माझे मत राखून ठेवतो. चमत्कारांच्या बाबतीत नव्या माणसाने घाई करू नये.

जेवणाच्या वेळी मी निघालो होतो. दादाच्या सुनेने मागून हाक मारली, "काका, मामंजी बोलवायलेत." दादा भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या ताटाशेजारी एक ताट मांडलेले होते. मी बसलो. आम्ही जेवू लागलो. मग तो म्हणाला, "आज कावून सांगितलंस? त्या लोकांनी सांगाय लावलं?"

"नाही दादा. कुणी लावलं नाही. पण त्यांच्या पुस्तकात एकजण आहे, दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेणारा. ते वाचलं आणि मला वहिनी दिसली. मग मला तिथून मागं फिरता आलं नाही."

तो घास चावत राहिला. "येवढंच हाय?"

"एवढंच."

"मग तीन वरसांमागं येवढंच कावून न्हाई सांगितलंस, येड्या?"

 याचे उत्तर तुमच्याकडे होते, गुरुजी, लाल शाईत, प्रत्येक वहीच्या समासात. 'कमी कर.'

दादाचा राग गेला आहे असे मी म्हणणार नाही. कधीकधी तो मध्येच उठून जातो आणि दोन दिवस बोलत नाही, आणि तो त्याचा अधिकार आहे. तो ख्रिस्ती होईल अशी लक्षणे नाहीत, आणि मी ती शोधतही नाही. तो देवळात जातो तेव्हा मी बाहेर त्याच्या चपला सांभाळतो. माझी बायको मात्र आता कधीकधी शेडमध्ये येते आणि चपलांपाशी, त्या म्हातारीच्या सुनेशेजारी बसते. म्हणते, इथून उठून जाता येतं म्हणून बसते. अजून उठलेली नाही. म्हातारीला मी परवा सांगितले, मी काय केलं होतं ते. तिने अर्ध्या बोटाचा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, "आता बसा." गेल्या आठवड्यात दादाने त्याच्या एकुलत्या एक बैलाचे दावं माझ्या हातात दिले. मला वाटले, आता भावनेने काही बोलेल. तो म्हणाला, "धर. आन् बोलू नगंस."

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि तुम्हाला पत्ता नाही. ते तुमच्या डबीखाली ठेवून देईन. पण मिटण्यापूर्वी एक राहिले. गावाला मी सांगितले, माझे लक्ष नव्हते. तुम्हालाही वर तेच लिहिले. ते खोडत नाही, तुम्हाला लाल शाईने खोडता यावे म्हणून तसेच ठेवतो. लक्ष होते. बैल फुटव्यात शिरताना मी पाहिला. धावलो असतो तर वेळ होता. पण तुम्ही वाटेवर सायकल टेकवून, बैलाकडे पाठ करून माझे भाषण ऐकत होता, आणि माझा शेवटचा परिच्छेद उरला होता. तुम्ही मान डोलावलीत. मी तो पूर्ण केला.

दादाला हे अजून माहीत नाही. उद्या सकाळी बैल चारायला आम्ही दोघे त्याच बांधावर जाणार आहोत. आधी दावं त्याच्या हातात देईन, मग सांगेन.